लाल सरबताचे जनक हकीम अब्दुल मजीद

वैशाख-ज्येष्ठाच्या दिवसांत दिल्लीचे तापमान ४५ अंशांच्या घरात पोहोचते आणि राजस्थानच्या बाजूने येणारे 'लू' नावाचे उष्ण वारे दुपारी रस्ते ओस पाडतात. अशा दुपारी जुन्या दिल्लीतील जामा मशिदीच्या परिसरात बर्फ, दूध, कलिंगडाच्या फोडी आणि गडद लाल रंगाचे सरबत एकत्र करून विकणाऱ्यांभोवती गर्दी जमते. या लाल सरबताचे नाव 'रूह अफजा'. शंभराहून अधिक वर्षे ते भारतीय उपखंडातील उन्हाळ्याचा भाग बनून राहिले आहे. सरबताचे नाव सर्वांना ठाऊक असले, तरी ते बाटलीत भरून लोकांपुढे ठेवणाऱ्या हकीम हाफिज अब्दुल मजीद यांचे नाव मात्र फारसे कोणाला आठवत नाही.

अब्दुल मजीद यांना आयुष्य जेमतेम ३९ वर्षांचे लाभले. त्यांपैकी स्वतःच्या दवाखान्यासाठी त्यांना केवळ सोळा वर्षे मिळाली. एवढ्या अल्पकाळात त्यांनी उभे केलेले काम त्यांच्या मृत्यूनंतर बंद पडण्याची आणि पुढे फाळणीत विखुरले जाण्याची पूर्ण शक्यता होती. तसे का घडले नाही, हे त्यांच्या चरित्रावरून समजते.

पीलीभीत ते दिल्ली

अब्दुल मजीद यांचा जन्म सन १८८३ मध्ये आजच्या उत्तर प्रदेशातील पीलीभीत येथे झाला. भारतावर त्या वेळी राणी व्हिक्टोरियाचे राज्य होते आणि १८५७ च्या उठावाला अवघी सव्वीस वर्षे झाली होती. बालपणीच त्यांनी संपूर्ण कुराण मुखोद्गत केले. अशा व्यक्तीस 'हाफिज' म्हणतात आणि ही उपाधी पुढे त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. उर्दू व फारसीचे शिक्षण घेतल्यानंतर ते युनानी वैद्यकाकडे वळले.

युनानी म्हणजे यवन देशाकडून आलेली चिकित्सापद्धती. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस व गॅलेन यांचे विचार अरबी ग्रंथांत उतरले, इब्न सीना यांच्यासारख्या विद्वानांनी त्यांचा विस्तार केला आणि मध्ययुगात ही विद्या भारतात रुजली. रक्त, कफ, पित्त आणि कृष्णपित्त या चार द्रवांचा समतोल म्हणजे आरोग्य, अशी तिची धारणा आहे. आयुर्वेदातील त्रिदोषांशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही मांडणी अनोळखी वाटणार नाही. प्रत्येक वनस्पतीचा व प्रत्येक मनुष्याचा स्वभाव उष्ण किंवा शीत, कोरडा किंवा ओलसर असतो आणि औषध त्यानुसार द्यावयाचे असते, असे युनानी हकीम मानतात.

उत्तर भारतातील युनानी वैद्यकाचे मोठे केंद्र होते दिल्ली. बल्लीमारान मोहल्ल्यातील शरीफी घराण्याचे हकीम अनेक पिढ्यांपासून प्रसिद्ध होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या घराण्याचे नेतृत्व हकीम अजमल खान यांच्याकडे होते. पुढे १९२१ मध्ये काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविणारे आणि जामिया मिलिया इस्लामियाच्या संस्थापकांपैकी एक असलेले अजमल खान ते हेच. त्यांच्या हिंदुस्थानी दवाखान्यात अब्दुल मजीद यांनी काही काळ काम केले. औषधे कशी तयार करावीत, त्यांची प्रत कशी राखावी आणि दूरच्या रुग्णापर्यंत ती कशी पोहोचवावी, यांचा अनुभव देणारी याहून चांगली जागा त्या काळी दिल्लीत नव्हती.

समदुःखी दवाखाना

सन १९०६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, अब्दुल मजीद यांनी जुन्या दिल्लीतील हौज काजी भागात स्वतःचा लहानसा दवाखाना उघडला. पुढे तो जवळच्याच लाल कुआँ येथे आला. हा सारा परिसर दाट वस्तीचा. कवी मिर्झा गालिब यांनी अखेरचे दिवस ज्या गली कासिम जानमध्ये घालविले, ती येथून पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे. वनौषधी, मसाले व सुक्या मेव्याच्या घाऊक व्यापारासाठी प्रसिद्ध असलेली खारी बावली ही बाजारपेठही शेजारीच आहे. हकीमाला लागणारा बहुतेक माल तेथे हाताशी मिळत असे.

दवाखान्याचे नाव त्यांनी 'हमदर्द' ठेवले. हा फारसी शब्द आहे. 'हम' म्हणजे सोबत आणि 'दर्द' म्हणजे वेदना. वेदनेत जो सोबत असतो तो हमदर्द, म्हणजेच मराठीत समदुःखी. स्वतःचे किंवा घराण्याचे नाव दुकानावर लावण्याची प्रथा असताना या तरुण हकिमाने एक भावना दुकानाचे नाव म्हणून निवडली. या नावाचा अर्थ पुढे त्यांच्या कुटुंबाने जवळजवळ शब्दशः पाळला.

तो काळ देशी वैद्यकासाठी कसोटीचा होता. ब्रिटिश सरकारचा आश्रय पाश्चात्त्य वैद्यकाला होता. सन १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात वैद्यक व्यावसायिकांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि त्यात वैद्य व हकीम यांना स्थान मिळाले नाही. अशा कायद्यांचे लोण देशभर पसरेल, ही भीती त्याआधीपासूनच होती. तिला उत्तर म्हणून अजमल खान यांनी १९१० मध्ये वैद्य आणि हकीम यांची अखिल भारतीय परिषद भरविली. आयुर्वेद आणि युनानी या दोन्ही शास्त्रांचे शिक्षण एका छताखाली देणाऱ्या दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयाची पायाभरणी १९१६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी केली आणि त्याचे उद्घाटन १९२१ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. शास्त्र टिकवायचे असेल तर ते जनतेला उपयोगी पडले पाहिजे, हे या पिढीतील हकिमांनी ओळखले होते. अब्दुल मजीद यांनी त्यासाठी निवडलेला मार्ग व्यासपीठाचा नव्हता. तो बाजारातून जाणारा होता.

बाटलीबंद पेयांचे युग

अब्दुल मजीद मोठे होत होते, त्या काळात भारतातील शहरांमध्ये बाटलीबंद पेयांचा प्रसार वेगाने होत होता. इंग्लंडमधील हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये गळ्यात काचेची गोटी असलेल्या बाटलीचे पेटंट घेतले. आतील वायूच्या दाबाने गोटी तोंडाशी घट्ट बसते आणि बुचाची गरज राहत नाही, ही तिची युक्ती होती. महाराष्ट्रात ही बाटली गोटी सोडा म्हणून, तर दिल्लीत 'बंटा' म्हणून ओळखली जाते. पुण्यात अर्देशीर यांचा सोडा कारखाना १८८४ मध्ये, तर मुंबईत पांडोळे यांची ड्यूक कंपनी १८८९ मध्ये सुरू झाली. या दोन्ही कारखान्यांमागे पारशी उद्योजक होते. सोडा, लेमोनेड आणि जिंजर ही पेये आरंभी गोऱ्या साहेबांसाठी असली, तरी लवकरच ती देशी लोकांच्या हाती आली.

भारतीय परंपरेतही पेयांची वाण नव्हती. महाराष्ट्रात पन्हे, कोकमाचे सरबत आणि वाळ्याचे पाणी घरोघरी होत असे. उत्तरेत गुलाब, केवडा, खस आणि चंदन यांची सरबते होत. परंतु ही पेये घरी किंवा हलवायाकडे ताजी बनत आणि लगेच संपत. दुसरीकडे, युनानी वैद्यकात सरबत हा औषधाचा एक मान्य प्रकार होता. वनस्पतींचा काढा किंवा अर्क साखरेच्या दाट पाकात मिसळला की तो दीर्घकाळ टिकतो, कारण अशा पाकात मोकळे पाणी इतके थोडे उरते की जंतूंची वाढच होऊ शकत नाही. बर्फ किंवा वीज नसलेल्या काळात औषध टिकविण्याची ही खात्रीची रीत होती.

अब्दुल मजीद यांनी हे दोन प्रवाह एकत्र आणले. हकिमाचे सरबत त्यांनी बाटलीत भरले, पण ते केवळ आजाऱ्यासाठी ठेवले नाही. दिल्लीच्या उन्हाळ्यात उष्माघात, घशाला पडणारी कोरड, मळमळ आणि थकवा यांनी माणसे हैराण होत. त्यांना दिलासा देईल आणि चवीलाही रुचेल असे पेय तयार करण्याचा त्यांचा प्रयत्न होता. सन १९०७ मध्ये त्यातून रूह अफजा साकारले.

युनानी मतानुसार शीत मानलेल्या अनेक वनस्पतींचा समावेश या मिश्रणात होता. घोळीचे बी, कासनी, धणे, कमळ व कुमुदिनी, मनुका, वाळ्याच्या मुळ्या, पुदिना, संत्रे, अननस, गाजर आणि पालक अशी त्यातील घटकांची परंपरागत यादी सांगितली जाते. सुगंधासाठी गुलाब आणि केवडा यांचे अर्क वापरले जात. आंबट, गोड आणि सुगंधी यांचा हा मेळ केवळ गुलाबाच्या किंवा केवळ खसच्या सरबतापेक्षा वेगळा होता. कोणत्याही एका फळाची किंवा फुलाची ओळख त्यात ठळक नसल्याने ते स्वतःच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

हे नावही विचारपूर्वक निवडलेले होते. 'रूह अफजा' म्हणजे जिवाला उल्हास देणारे. एकोणिसाव्या शतकातील लखनौचे कवी पंडित दयाशंकर नसीम यांच्या 'गुलजार-ए-नसीम' या उर्दू आख्यानकाव्यातील एका पात्राच्या नावावरून ते घेतले, असे सांगितले जाते. तसे असेल तर एका काश्मिरी पंडिताच्या काव्यातील नाव एका मुस्लीम हकिमाच्या सरबताला मिळाले आणि त्या काळच्या उर्दूभाषक समाजात त्यात कोणालाही नवल वाटले नसावे.

मुंबईत छापलेले लेबल

बाटलीवरील लेबलाची हकिकत महाराष्ट्राशी जोडलेली आहे. सन १९१० मध्ये मिर्झा नूर अहमद या चित्रकाराने रूह अफजासाठी फुलाफळांनी सजलेले बहुरंगी लेबल तयार केले. तथापि, इतके रंग एकावर एक नेमके बसवून छापण्याची सोय त्या वेळी दिल्लीत नव्हती. अखेर हे काम मुंबईतील पारशी मालकीच्या बोल्टन प्रेसकडे सोपविण्यात आले. दिल्लीच्या अरुंद गल्लीतील दवाखान्याने लेबलासाठी मुंबई गाठावी, ही बाब त्या काळी साधी नव्हती. गिऱ्हाईक प्रथम डोळ्यांनी माल पारखते, अक्षर न वाचता येणाऱ्यालाही चित्रावरून बाटली ओळखता आली पाहिजे आणि नक्कल करणाऱ्यास ती सहज साधता कामा नये, हे सारे अशा लेबलाने साध्य होत असे. त्या लेबलाचा मूळ बाज अनेक दशके टिकून राहिला.

याच सुमारास दिल्लीचेही रूप पालटले. डिसेंबर १९११ च्या दरबारात बादशहा पंचम जॉर्ज यांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा केली. १८५७ नंतर कळा गेलेल्या या शहरात पुन्हा सरकारी कचेऱ्या, नोकरदार आणि पाहुणे येऊ लागले. रेल्वेने दिल्ली आधीच चहूबाजूंनी जोडलेली होती. लाल कुआँच्या दवाखान्यातील बाटली शहराबाहेर जाण्यास हा काळ अनुकूल ठरला.

अकाली मृत्यू

दवाखान्याची घडी नीट बसली असतानाच, सन १९२२ मध्ये हकीम अब्दुल मजीद यांचे निधन झाले. वय चाळिशीच्या आत होते. मागे पत्नी राबिया बेगम होत्या. थोरले पुत्र अब्दुल हमीद सुमारे चौदा वर्षांचे, तर धाकटे मोहम्मद सईद अवघ्या दोन वर्षांचे होते.

त्या काळच्या दिल्लीत एका हकिमाचा दवाखाना हा बहुधा त्या हकिमापुरताच असे. लोक येत ते नाडी पाहणाऱ्या हातासाठी. तो हात गेला की गिऱ्हाईक दुसरा दरवाजा शोधत असे. हमदर्दचेही तसे होऊ शकले असते. परंतु राबिया बेगम यांनी दवाखाना विकला नाही आणि बंदही केला नाही. पडदा पाळणाऱ्या समाजातील या विधवेने व्यवहाराची सूत्रे सांभाळली आणि थोरल्या मुलाला कामात घातले. अब्दुल हमीद यांनी युनानी वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले, औषधनिर्मितीत यंत्रे आणली आणि वडिलांचा दवाखाना देशातील मोठ्या युनानी औषध कारखान्यांपैकी एक बनविला. वडिलांनी सरबत बाटलीत भरले होते, हीच गोष्ट येथे उपयोगी पडली. हकिमाची नाडीपरीक्षा त्याच्याबरोबर जाते, पण ठरलेल्या प्रमाणाने बनणारी बाटली त्याच्या मागेही बनत राहते.

फाळणी आणि तीन देश

खरी परीक्षा १९४७ मध्ये झाली. फाळणीच्या दंगलींत दिल्लीतील असंख्य मुस्लीम कुटुंबांनी घरे सोडली. या कुटुंबाचेही दोन भाग झाले. थोरले अब्दुल हमीद दिल्लीतच राहिले. धाकटे मोहम्मद सईद जानेवारी १९४८ मध्ये कराचीस गेले आणि तेथे भाड्याच्या जागेत त्यांनी त्याच नावाचा दवाखाना नव्याने सुरू केला. वडिलांचे सरबत असे दोन देशांत बनू लागले. पाकिस्तानातील हमदर्दने १९५३ मध्ये ढाक्यात शाखा उघडली आणि १९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर तीही निराळी संस्था झाली. दिल्लीत जन्मलेली बाटली आता तीन देशांची झाली होती.

याच काळात अब्दुल हमीद यांनी एक असामान्य निर्णय घेतला. सन १९४८ मध्ये त्यांनी दिल्लीचा संपूर्ण व्यवसाय वक्फ म्हणून जाहीर केला, म्हणजेच तो लोकोपयोगी कार्यासाठी अर्पण केला. धाकट्या भावानेही कराचीत पुढे तोच मार्ग अनुसरला. वडिलांनी दिलेले 'समदुःखी' हे नाव दोन्ही मुलांनी असे अमलात आणले. विक्रीतून येणारा पैसा शिक्षण, आरोग्य आणि संशोधन यांकडे वळला. दिल्लीच्या दक्षिणेस तुघलकाबादजवळ उभ्या राहिलेल्या संस्थांमधून १९८९ मध्ये जामिया हमदर्द हे अभिमत विद्यापीठ साकारले. निजामुद्दीन येथील गालिब अकादमी १९६९ मध्ये अब्दुल हमीद यांच्याच प्रयत्नांतून उभी राहिली. कराचीतही १९९१ मध्ये हमदर्द विद्यापीठ स्थापन झाले.

अब्दुल हमीद यांना भारत सरकारने १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण देऊन गौरविले. मोहम्मद सईद १९९३-९४ मध्ये सिंध प्रांताचे राज्यपाल होते. १७ ऑक्टोबर १९९८ रोजी कराचीत त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. पुढच्याच वर्षी, जुलै १९९९ मध्ये, दिल्लीत अब्दुल हमीद यांचे निधन झाले. वडिलांच्या मृत्यूच्या वेळी दोन वर्षांचा असलेला मुलगा आणि त्याला सांभाळणारा थोरला भाऊ यांच्या निधनांत केवळ नऊ महिन्यांचे अंतर होते.

आजचा वारसा

रूह अफजाच्या वाटचालीत अनेक पेये आली आणि गेली. कोका-कोलाने १९५० मध्ये दिल्लीत कारखाना सुरू केला, १९७७ मध्ये ही कंपनी भारतातून बाहेर पडली आणि १९९३ मध्ये परतली. मधल्या काळात देशी कोलांचे दिवस येऊन गेले. फ्रिज घरोघरी पोहोचला आणि बाटलीबंद पेयांची दुकाने गल्लोगल्ली झाली. हमदर्दचे उत्पादनही जुन्या दिल्लीच्या गल्लीतून बाहेर पडून राजधानी परिसरातील गाझियाबाद आणि मानेसर येथील कारखान्यांत होऊ लागले. काचेच्या बाटलीची जागा प्लॅस्टिकने घेतली. साखरेचे प्रमाण मोठे असल्याने मधुमेही व आहाराबाबत जागरूक असलेले लोक आता या सरबताकडे सावधपणे पाहतात, हेही खरे आहे.

तरीही रमजानमध्ये रोजा सोडताना दिल्लीपासून मुंबईच्या मोहम्मद अली रस्त्यापर्यंत हे लाल सरबत आढळते. गुरू अर्जनदेव यांच्या शहीद दिनी दिल्लीतील शीख बांधव रस्त्यावर उभे राहून वाटसरूंना दुधातले थंडगार गुलाबी सरबत पाजतात. निर्जला एकादशीला हिंदू कुटुंबेही तहानलेल्यांसाठी सरबताच्या पाणपोया लावतात. फालुद्यातही त्याची धार पडते.

सन २०१९ च्या उन्हाळ्यात, रमजानच्या तोंडावर, भारतातील दुकानांतून रूह अफजा अचानक दिसेनासे झाले. काही वनौषधींचा पुरवठा अपुरा पडल्याचे कारण त्या वेळी देण्यात आले. बातमी पसरताच पाकिस्तानातील हमदर्दने भारत सरकारची परवानगी मिळाल्यास वाघा सीमेवरून मालमोटारींनी सरबत पाठविण्याची तयारी दर्शविली. दोन्ही देशांतील संबंध त्या वर्षी अत्यंत ताणलेले होते. फेब्रुवारीत पुलवामा आणि बालाकोट घडून गेले होते. काही आठवड्यांत भारतातील पुरवठा पूर्ववत झाला. पण सत्तर वर्षांपूर्वी विभागलेल्या एका दवाखान्याच्या दोन शाखांमध्ये त्या नावाचा अर्थ अजून शिल्लक आहे, हे त्या प्रसंगाने दाखविले.

हकीम अब्दुल मजीद यांनी ना विद्यापीठ पाहिले, ना फाळणी. राजधानी झालेली नवी दिल्लीही त्यांच्या हयातीत पूर्ण बांधून झाली नव्हती. आपल्या हाताखालील बाटली तीन देशांत जाईल, याची कल्पनाही त्यांना नसेल. उन्हाने थकलेल्या माणसाला चार घोट गारवा मिळावा, एवढ्यासाठी त्यांनी ती भरली होती. लाल कुआँच्या रस्त्यावर हमदर्दचे नाव आजही वाचता येते आणि उन्हाळा आला की त्या सरबताची मागणी दरवर्षी वाढते.